सराव कशाचा?

मागील उन्हाळ्यात आम्हा उभयतांना लेकीकडे अमेरिकेत जाण्याचा योग आला. तिचे बिऱ्हाड टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराच्या दक्षिणेस आहे. तेथून अर्ध्या तासाच्या वाटेवर जॉन्सन अंतराळ केंद्र लागते. १९६१ साली या केंद्राची स्थापना झाली, १९७३ मध्ये त्याला माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे नाव देण्यात आले, आणि अमेरिकेचे अंतराळवीर आजही येथेच आपले शिक्षण घेतात. नातवाने हट्ट धरला म्हणून आम्ही गेलो. आकाशात झेपावणाऱ्या माणसांचे धाडस पाहून थक्क व्हावे आणि घरी परतावे, एवढीच आमची अपेक्षा होती. परतलो ते मात्र मनावर एक जुने ओझे घेऊन. त्या ओझ्याविषयी आणि त्यातून उभ्या राहिलेल्या प्रश्नाविषयी वाचकांशी बोलावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रेक्षकांना उघड्या गाडीत बसवून केंद्राच्या आवारातून फिरवतात. अंतराळवीरांच्या शिक्षणाची इमारत म्हणजे एक प्रचंड मोठी शेडच आहे. उंचावरच्या काचबंद सज्जातून खाली पाहिले, तर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या खोल्या मूळ आकारात मांडून ठेवलेल्या दिसतात. कोणती कळ कोठे, कोणती झडप कोठे, हे सारे हुबेहूब. केंद्रापासून काही अंतरावर त्यांचा पोहण्याचा तलाव आहे. तलाव म्हणावे की सरोवर, असा प्रश्न पडावा! लांबी २०२ फूट, रुंदी १०२ फूट, खोली ४० फूट आणि पाणी ६२ लाख गॅलन. त्याच्या तळाशी स्थानकाच्या प्रतिकृती ठेवलेल्या आहेत. अंतराळात शरीर तरंगते, तसे ते पाण्यात तरंगावे म्हणून अंतराळवीर जड पोशाख चढवून तासन् तास पाण्याखाली एकेक खिळा, एकेक दोरी हाताळत राहतात. वर आकाशात एक तास काम करायचे, तर त्यासाठी येथे पाण्यात त्याच्या कितीतरी पट तास घालवावे लागतात.

नातू काचेला नाक लावून पाहत होता. त्याने विचारले, “आजोबा, हे लोक रोज तेच तेच काय करतात?” आमच्याकडे उत्तर नव्हते. ते वाटाड्याच्या बोलण्यातून मिळाले. स्थानकात आग लागली तर काय करावे, भिंतीला भोक पडून हवा निसटू लागली तर काय करावे, नळीतून विषारी अमोनिया बाहेर पडला तर काय करावे, याचा सराव येथे पुन्हा पुन्हा करून घेतात. शिकवणारे मुद्दाम विघ्ने निर्माण करतात आणि शिकणाऱ्यांनी ती ओळखून निवारायची असतात.

आमच्या धर्मग्रामात नाटके बसविण्यात आमची हयात गेली. रंगीत तालीम आम्हांस नवी नाही. परंतु आमची तालीम असते सगळे बिनचूक व्हावे म्हणून. संवाद वेळेवर यावा, पडदा वेळेवर पडावा, टाळी मिळावी. ही तालीम उलटी होती. येथे यशाचा नव्हे, तर अपयशाचा सराव चालतो. आणि अपयशाचा सराव म्हणजे नेमका कशाचा सराव, याचा उलगडा आम्हांस त्याच आवारातील दुसऱ्या एका इमारतीत झाला.

चंद्रावरील मोहिमांचे नियंत्रण ज्या दालनातून झाले, ते दालन २०१९ मध्ये पुन्हा १९६९ सालच्या स्वरूपात आणून ठेवण्यात आले आहे. टेबलांवर त्या काळचे कप, रक्षापात्रे, फायली, सारे काही जसेच्या तसे. मागच्या बाजूला खुर्च्यांच्या रांगा आहेत. त्यांवर बसून आम्ही एक जुनी हकीकत आठवत होतो.

५ जुलै १९६९. चंद्रावर माणूस उतरायला जेमतेम पंधरा दिवस उरले होते. त्या दिवशीच्या सरावात सराव-प्रमुख रिचर्ड कूस यांनी यानाच्या संगणकाकडून धोक्याचा एक अपरिचित इशारा देवविला. त्या टेबलावर होता स्टीव्ह बेल्स नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण. इशाऱ्याचा अर्थ त्याला उमगला नाही आणि त्याने उतरणे रद्द करण्यास सांगितले. सराव संपल्यावर कूस यांनी स्पष्ट शब्दांत सुनावले की, निर्णय चुकला. यान उतरू शकले असते. मोहिमेच्या तोंडावर सर्वांदेखत चूक पदरी येणे कोणाला आवडेल? पहिल्यांदा राग आला, नाही असे नाही. परंतु नियंत्रण-प्रमुख जीन क्रँझ यांनी प्रत्येक इशाऱ्याचा अभ्यास करण्याचा आदेश दिला. जॅक गार्मन या चोवीस वर्षांच्या सहकाऱ्याने सगळ्या इशाऱ्यांची यादी हाताने लिहून काढली व आपल्या टेबलावर ठेवली. २० जुलै रोजी आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन खरोखरच चंद्राकडे उतरत असताना संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला. गार्मनने यादी पाहिली, बेल्सला सांगितले, आणि काही सेकंदांत बेल्सचा निर्णय आला: पुढे जा. यान उतरले.

म्हणजे सराव केवळ हाताचा नव्हता. तो मनाचा होता. ‘माझे चुकले’ असे म्हणण्याचा आणि ‘तुझे चुकले’ असे कोणी म्हटल्यास ते ऐकून घेण्याचा तो सराव होता. ही सवय त्या दालनाला फुकट मिळालेली नव्हती. २७ जानेवारी १९६७ रोजी फ्लोरिडातील तळावर एका रंगीत तालमीतच यानात आग लागली आणि ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे तिघे अंतराळवीर जागीच मृत्यू पावले. रॉकेटमध्ये इंधन नव्हते, म्हणून ती तालीम धोक्याची मानलीच गेली नव्हती. त्यानंतरच्या सोमवारी क्रँझ यांनी आपल्या सहकाऱ्यांना एकत्र केले. क्रँझ हे कॅथलिक आहेत, हे येथे सहज नमूद करतो. त्यांनी दोष दुसऱ्या कोणावर ढकलला नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, कामात उणिवा आहेत हे आपल्याला दिसत होते, आणि तरीही ‘थांबा’ असे म्हणायला आपल्यापैकी कोणीही उभा राहिला नाही.

गाडी परतीच्या वाटेला लागली तेव्हा एका बाजूला झाडांची राई दिसली. दिवंगत अंतराळवीरांच्या स्मरणार्थ येथे एकेक झाड लावले आहे. नाताळच्या दिवसांत त्यांवर दिवे लावतात. त्यांपैकी सात झाडे ‘कोलंबिया’ यानातील सात जणांची, आणि त्यांत एक आपल्या कर्नालच्या कल्पना चावला यांचे. गाडीतील बोलणे तेथे आपोआप थांबले.

कोलंबियाची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. १६ जानेवारी २००३ रोजी यानाने उड्डाण केले. ८२ सेकंदांनी इंधनाच्या टाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. असा फोम पूर्वीही अनेकदा सुटला होता, आणि प्रत्येक वेळी यान सुखरूप परतले होते. म्हणून वरिष्ठांना त्याचे काही वाटेनासे झाले होते. अभियंत्यांना मात्र काळजी वाटली. पंखाची छायाचित्रे आकाशात असतानाच मिळवावीत, अशी विनंती त्यांनी केली. ती मानली गेली नाही. याच ह्यूस्टनच्या केंद्रातील एका अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांना उद्देशून कळकळीचे पत्र संगणकावर लिहिले. छायाचित्रे न मागणे चुकीचे आहे, धोका दिसला तर बोला असे आपल्याच भिंतींवर लिहिले आहे, असा त्याचा आशय होता. पत्र लिहून झाले. पण ते त्याने वरिष्ठांकडे पाठविले नाही. १ फेब्रुवारी रोजी उतरण्यास सुमारे सोळा मिनिटे उरली असताना यान टेक्सासच्या आकाशात भंगले. पुढे जुलै महिन्यात चाचणीसाठी तसाच फोमचा तुकडा पंखाच्या भागावर वेगाने मारून पाहिला, तेव्हा तेथे सुमारे सोळा इंचांचे भगदाड पडले. चौकशी मंडळाने ऑगस्टमध्ये निष्कर्ष काढला की, या अपघाताला फोम जितका कारणीभूत होता, तितकीच संस्थेची कामाची रीत कारणीभूत होती.

त्या अभियंत्याला दोष द्यावा, असे आम्हांस क्षणभरही वाटले नाही. उलट, त्याच्याविषयी आमच्या मनात एक प्रकारचा बंधुभाव दाटून आला. कारण असेच एक न पाठविलेले पत्र आमच्याही खिशात आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जुन्या सभागृहाला मागील बाजूस प्रेक्षकांसाठी सज्जा होता. धर्मग्रामाच्या सणाचे नाटक आठवड्यावर आले होते आणि आम्ही मंडळाचे चिटणीस होतो. एका संध्याकाळी गावातील एक वृद्ध गवंडी आमच्या ओटीवर आले. हातात टोपी धरून म्हणाले, “मास्तर, यंदा सज्जात माणसं बसवू नका. खालून ठोकून पाहिलं, आवाज पोकळ येतो. पाणी मुरलंय.” आम्ही म्हणालो, “बैठकीत सांगतो.” एका चिठ्ठीवर तसे टिपूनही घेतले.

बैठकीला अध्यक्ष चिंतेत होते. तिकिटे खपली होती, पाहुणे ठरले होते. सज्जा सोडला तर दीडशे माणसांचे पैसे परत करावे लागले असते. कोणीतरी गवंडीबाबांच्या भीतीचा उल्लेख हसत हसत केला. दुसरा म्हणाला, “देवाचं काम आहे, देव सांभाळील.” सारे हसले. आम्हीही हसलो. चिठ्ठी खिशातच राहिली.

नाटक झाले. सज्जा गच्च भरला होता आणि पुढच्या रांगेत लहान मुले होती. काहीही झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून गवंडीबाबांना गावात ‘घाबरट’ असे नाव पडले. सभागृहाच्या कामाला त्यांना पुन्हा कोणी बोलावले नाही. काही वर्षांनी ते देवाघरी गेले. त्यानंतर नवे सभागृह बांधण्यासाठी जुने पाडले, तेव्हा सज्जाच्या स्लॅबवर पहिला घण बसताच लोखंड उघडे पडले. सळया गंजून दोन ठिकाणी सुतळीसारख्या झाल्या होत्या. ‘देवानेच वाचविले,’ असे म्हणून आम्ही आभाराची मिस्सा मागितली. त्या मिस्सात गवंडीबाबांचे नाव कोणी घेतले नाही. आम्हीही घेतले नाही.

आता प्रश्न असा की, आमचे चुकले काय? कोणी जखमी झाले नाही, कोणाचे नुकसान झाले नाही. ज्या चुकीचे फळ कोणालाही भोगावे लागले नाही, ती चूक, चूक राहते का? इतकी वर्षे आम्ही मनाला सांगत होतो की, राहत नाही. झाडांच्या त्या राईपाशी हे समाधान ढळले. कोलंबियाच्या आधीची जी उड्डाणे सुखरूप परतली, त्यांतही फोम सुटलाच होता. त्या वेळी ‘काही झाले नाही’ असे म्हणून जे दुर्लक्ष झाले, तेच पुढच्या दुर्लक्षाचे शिक्षण ठरले. केंद्रात अपयशाचा सराव चालतो हे आम्ही पाहिले. परंतु माणूस दुर्लक्षाचाही सराव करतो, आणि त्यासाठी तलाव बांधावा लागत नाही. नशिबाने टळलेले संकट आपल्याला निर्दोष ठरवीत नाही. ते आपल्याला निर्ढावते. कृतीचे मोल परिणामावर नव्हे, तर कृती करताना आपल्याला काय ठाऊक होते आणि आपण काय केले यावर ठरते. मिस्साच्या आरंभी आपण दोषांची कबुली देतो, ती केवळ केलेल्या गोष्टींची नसते. जे करायला हवे होते पण केले नाही, त्याचीही असते. तो भाग आम्ही आयुष्यभर तोंडाने म्हणत आलो होतो.

मग ‘देव सांभाळील’ या वाक्याचे काय? ते श्रद्धेचे वाक्य आहे असे आम्हांस तेव्हा वाटले होते. पण सैतानाने येशूला मंदिराच्या टोकावर उभे करून जे सांगितले, ते तरी दुसरे काय होते? उडी टाक, देवदूत तुला झेलतील! येशूने उडी टाकली नाही. ज्याचा पित्यावर सर्वांत अधिक विश्वास होता, त्यानेच पित्याची परीक्षा पाहण्याचे नाकारले. सज्जा मुलांनी भरणे ही श्रद्धा नव्हती. ती देवाच्या नावाने मारलेली उडी होती, आणि तीही दुसऱ्यांच्या मुलांना पुढे करून. देवाने आमच्याकडे दूत पाठविला होता. तो हातात टोपी धरून ओटीवर उभा होता.

पवित्र शास्त्रात नामान नावाचा सेनापती आहे. त्याला कुष्ठरोग होता. संदेष्ट्याचा साधा उपाय त्याला अपमानास्पद वाटला आणि तो रागाने परत निघाला. त्याला वाचविले ते त्याच्या नोकरांनी, जे धीर करून दोन शब्द बोलले. नामान सेनापती असूनही त्याने नोकरांचे ऐकले, हे त्याच्या बरे होण्याइतकेच मोठे आश्चर्य आहे. सत्य पुष्कळदा खालच्या पायरीवरून बोलते, आणि वरच्या पायरीवर बसलेल्यांचे कान तेथवर पोहोचत नाहीत.

कोणी म्हणेल, प्रत्येकाची भीती ऐकत बसलो तर जगात एकही काम व्हायचे नाही. कोळ्याने होडी पाण्यात घालू नये आणि बापाने मुलाला सायकल देऊ नये. हा आक्षेप खोटा नाही. परंतु शंका ऐकणे म्हणजे काम थांबविणे नव्हे. १९६९ मध्ये त्या मंडळींनी शंका ऐकली, तपासली, यादी करून ठेवली. आणि म्हणूनच ऐन वेळी ‘पुढे जा’ असे ठामपणे सांगू शकली. ज्या माणसाने ‘थांबा’ हा शब्द ऐकण्याची तयारी ठेवली आहे, त्याच्याच ‘चला’ या शब्दावर भरवसा ठेवता येतो. आमच्याकडेही सज्जाखाली दोन दिवस टेकू देऊन पाहता आले असते, जाणकाराला बोलावता आले असते. आम्ही विचारलेच नाही.

हे सारे शिकता येते, याचेही उदाहरण अलीकडचेच आहे. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे दोघे ५ जून २०२४ रोजी ‘स्टारलायनर’ या नव्या यानातून सुमारे आठ दिवसांसाठी स्थानकाकडे निघाले. यानाच्या काही लहान इंजिनांत बिघाड दिसला आणि हेलियम वायूची गळती आढळली. यान सुरक्षित आहे असे काहींचे मत होते; काहींची खात्री पटत नव्हती. २४ ऑगस्ट रोजी नासाने निर्णय जाहीर केला की, यान रिकामेच परत आणावे. पूर्वी दोन याने गमावली, कारण धोक्याची माहिती मोकळेपणाने पुढे येऊ शकली नव्हती, याची आठवण त्या वेळी नासाच्या प्रमुखांनी स्वतः करून दिली. ७ सप्टेंबर रोजी रिकामे यान सुखरूप जमिनीवर उतरले. दोघे अंतराळवीर मात्र मार्च २०२५ मध्ये परतले; आठ दिवसांचे २८६ दिवस झाले.

यान सुखरूप उतरले, मग तो निर्णय चुकला असे म्हणावे काय? येथेच आमच्या प्रश्नाची दुसरी बाजू उघड होते. आमचा सज्जा कोसळला नाही म्हणून आम्ही बरोबर ठरलो नाही, आणि ते यान सुखरूप उतरले म्हणून तो निर्णय चुकीचा ठरला नाही. खात्री नसताना दोन जिवांवर पैज लावायची नाही, एवढेच त्यांनी ठरविले. नऊ महिने घरापासून दूर राहण्याची किंमत त्यांनी दिली. आम्हांस फक्त दीडशे तिकिटांचे पैसे द्यावे लागले असते.

सराव कशाचा, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे मिळाले. धैर्याचा सराव उडणाऱ्याने करावा. जमिनीवर राहणाऱ्यांनी सराव करावा तो बोलण्याचा आणि ऐकण्याचा. आपण बहुतेक सारे जमिनीवरचेच आहोत. कुटुंबात, शाळेत, मंडळात, धर्मग्राम परिषदेत आपल्या निर्णयांच्या सज्जात कोणाची तरी मुले बसलेली असतात. आता आमच्या मंडळाच्या बैठकीत शेवटचा विषय संपला की आम्ही एक प्रश्न विचारतो: कोणाच्या मनात शंका आहे काय? पहिल्या दोन बैठकांत कोणीच बोलले नाही. तिसऱ्या वेळी एक तरुण मुलगी बोलली, आणि तिचे म्हणणे बरोबर होते.

मायदेशी परतल्यावर आम्ही पापनिवेदन केले. परंतु एक काम उरले होते. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मृतिदिनी, दफनभूमीत गवंडीबाबांच्या कबरीपाशी त्यांचा मुलगा मेणबत्ती लावताना भेटला. तेथेच उभे राहून आम्ही त्याला सारी हकीकत सांगितली. चिठ्ठीचेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “बाबांना राग नव्हता, सर. ते म्हणायचे, मास्तरांच्या मागे कामं फार, सांगायचं विसरले असतील.”

आम्ही विसरलो नव्हतो. हे वाक्य त्या दिवशी, त्या कबरीपाशी, आम्ही प्रथमच मोठ्याने उच्चारले.